धाकट्याच्या शिक्षणाची पाळी: घर, थोरली भावंडे आणि भोवतालचा समाज

प्रश्न: वैशाली, परभणी

नमस्कार. आम्ही चार भावंडे आणि त्यांत मी सर्वांत धाकटी. महाविद्यालयापर्यंत पोहोचले ती मी एकटीच. आई-वडील दोघेही दुसऱ्यांच्या शेतावर कामाला जात, त्यामुळे ताईची शाळा सातवीनंतर सुटली आणि पाणी भरणे, भाकऱ्या थापणे व आम्हा तिघांना सांभाळणे हे तिच्याकडे आले. दादाने दहावीनंतर कापसाच्या जिनिंगमध्ये काम धरले, मधल्या भावाने आयटीआय केले. माझ्या वेळेपर्यंत दादाचा पगार घरात येऊ लागला होता, तालुक्याला जाण्यासाठी मुलींना एसटीचा मोफत पास मिळत होता, आणि आमच्या गल्लीतले निवृत्त गुरुजी वडिलांना पुन्हा पुन्हा बजावत होते की या मुलीला मध्येच थांबवू नका.

सध्या मी शिक्षणशास्त्राची पदव्युत्तर पदवी करीत आहे आणि जन्मक्रमाविषयीचे वाचन चालू आहे. व्हिएन्नाचे मानसोपचारतज्ज्ञ आल्फ्रेड अ‍ॅडलर यांनी धाकट्या मुलाविषयी मांडले ते थोडक्यात असे की घरात त्याचे लाड अधिक होतात, आणि पुढे गेलेल्या भावंडांना गाठण्याची ईर्ष्याही त्याच्यात असते. माझ्या घराकडे पाहिले तर मला लाडांपेक्षा पाळी अधिक दिसते. घरात पैसा, वेळ आणि मोकळे हात यांचा तुटवडा असतो; थोरल्यांची पाळी येते तेव्हा तो सर्वांत अधिक असतो आणि धाकट्याची पाळी येईपर्यंत थोरल्यांच्याच कष्टांनी तो थोडा कमी झालेला असतो.

माझा प्रश्न असा की धाकट्याच्या घडणीत कुटुंबाचा आणि भोवतालच्या समाजाचा वाटा कसा ओळखावा? ‘तो हुशार होता, म्हणून शिकला’ एवढ्यावर आपण थांबतो, तेव्हा नेमके काय दिसेनासे होते? आपल्या वाचनातली किंवा अनुभवातली ठोस उदाहरणे कळवावीत.

उत्तर: माण-खटाव

वैशालीताई, आपण ‘पाळी’ म्हणता ती ज्यात स्पष्ट दिसते असे सर्वांत मोठे उदाहरण आमच्या सातारा जिल्ह्यातून गेलेले आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे सुभेदार रामजी सकपाळ आणि भीमाबाई यांचे चौदावे आणि शेवटचे अपत्य. त्यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या लष्करी छावणीत झाला. त्यांच्या बुद्धीविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते योग्यच आहे. पण त्यांच्या घरातल्या माणसांकडे एकेक करून पाहिले तर आपल्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर मिळते.

आधी समाजाचा वाटा. रामजी लष्करातल्या शाळेचे मुख्याध्यापक होते. महार समाजातल्या मुलांना गावच्या शाळेचा उंबरठाही ओलांडता येत नव्हता त्या काळात पलटणीतल्या शिपायांच्या मुलांना अक्षरओळख होत होती, आणि त्यामुळे पेन्शनीत निघालेल्या लष्करी माणसांची एक शिकलेली पिढी दापोली, सातारा अशा ठिकाणी वस्ती करून होती. घर कबीरपंथी होते. दोहे, अभंग आणि पाठांतर हा रोजचा परिपाठ होता. म्हणजे हे मूल जन्मण्यापूर्वीच घरात पुस्तक आलेले होते, आणि ते आणण्यामागे एका अख्ख्या जमातीची सैन्यातली नोकरी होती.

आता घर. आई गेली तेव्हा भीमराव पाच-सहा वर्षांचे होते. वडिलांच्या बहिणीने, मीराबाई आत्याने, घर सांभाळले. ती शरीराने अधू होती. बाबासाहेबांनी स्वतः लिहिलेल्या आठवणींत तिच्या मायाळूपणाचा उल्लेख आहे आणि तिच्याकडून फारसे काम होत नसे हेही आहे. न्हावी या मुलांचे केस कापत नसे, म्हणून थोरली बहीण भावांवरच हात बसवून केस कापायला शिकली होती. हा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. साताऱ्यात न्हावी होते, त्यांना द्यायला घरात पैसेही होते; तरी समाजाने नाकारलेले काम घरातल्या एका मुलीच्या हातावर आले. समाज धाकट्याला घडवतो तो केवळ मदत करून नव्हे, तर नकार देऊनही, आणि त्या नकाराचा भार आधी थोरल्या भावंडांवर पडतो.

दुष्काळी कामावर रामजी खजिनदार म्हणून खटाव तालुक्यात गेले, तेव्हा साताऱ्यात राहिले ते भीमराव, त्यांचे थोरले भाऊ, वारलेल्या थोरल्या बहिणीचे दोन मुलगे आणि आत्या. ही मुले शाळा करून स्वतः स्वयंपाक करीत. भाकरी जमत नसे म्हणून सोपा पडणारा पुलावच करून खात. १९०१ च्या सुमारास उन्हाळ्याच्या सुट्टीत वडिलांकडे जाण्यासाठी ही चार मुले नवे कपडे घालून आगगाडीने मसूर स्थानकावर उतरली. न्यायला कोणी आले नव्हते. जात कळताच स्टेशन मास्तरांचा सूर बदलला, बैलगाडीवाले तयार होईनात, आणि शेवटी दुप्पट भाडे देऊन, गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवाल्याने बाजूने पायी चालायचे, या अटीवर प्रवास सुरू झाला. सोबत खायला होते, पण रात्रभर पाणी मिळाले नाही. या प्रसंगाने मनावर कायमचा ठसा उमटवला असे त्यांनी लिहून ठेवले आहे. वर्गात वेगळे गोणपाटावर बसणे, शिपायाने वरून ओतले तरच पाणी पिणे, हे सारे त्यांना आधीपासून माहीत होते. पण तोवर ते अंगवळणी पडलेले होते. मसूरच्या वाटेवर प्रथमच त्यावर विचार करावा लागला, आणि त्या वेळी मूल एकटे नव्हते, थोरला भाऊ बरोबर होता, हे मी आवर्जून नोंदवतो.

पुढे कुटुंब मुंबईला परळच्या चाळीत एका खोलीत राहू लागले. दोन्ही मुलांचा शाळेचा खर्च पेन्शनीत भागेना. थोरल्या भावाची, आनंदरावांची, शाळा सुटली आणि ते नोकरीला लागले. भीमराव एल्फिन्स्टन हायस्कुलात शिकत राहिले. भांडीकुंडी, सरपण आणि शेळी यांसह माणसांनी भरलेल्या त्या खोलीत मुलाला झोपायला जागा व्हावी म्हणून रामजी स्वतः जागत आणि पहाटे दोनच्या सुमारास त्याला अभ्यासाला उठवून मग आडवे होत. पुस्तकासाठी पैसे कमी पडले की ते लग्न झालेल्या लेकींकडे जात. तेथे रोख नसेल तर एखादा दागिना मागून घेत, तो गहाण ठेवत आणि पेन्शन आली की सोडवून परत करीत. चरित्रांतून हे प्रसंग आलेले आहेत, पण वाचताना आपण ते वडिलांच्या त्यागाच्या नावे जमा करतो. दागिना बहिणीचा होता, सासरी तो अंगावर नसल्याचे उत्तर तिलाच द्यावे लागत असणार, आणि आनंदरावांची सुटलेली शाळा तर चरित्रांत एखाद्या वाक्यात संपते.

चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या या मुलाकडे कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींचे लक्ष गेले. मॅट्रिक झाल्यावर झालेल्या सत्काराच्या सभेत त्यांनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले, आणि त्यांच्याच खटपटीने सयाजीराव गायकवाडांकडून दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. केळुसकर गुरुजी आपल्या गल्लीतल्या गुरुजींसारखेच म्हणावे लागतील. मात्र क्रम ध्यानात घ्यावा: आधी आनंदराव कामाला लागले, नंतर बागेत बसून वाचायला वेळ मिळाला, आणि त्यानंतर केळुसकर भेटले.

उत्तर: दौंडची वाचक

वरील उत्तर मन लावून वाचले. त्यात एक गोष्ट जोडते. थोरल्या भावंडाचे केवळ कष्टच धाकट्याच्या उपयोगी पडतात असे नाही. थोरल्याच्या आयुष्यात जे बिघडले ते पाहून आई-वडील पुढचा निर्णय बदलतात, आणि धाकट्याचे सारे आयुष्य त्या बदललेल्या निर्णयावर उभे राहते.

पंडिता रमाबाई यांचे उदाहरण घ्या. अनंतशास्त्री डोंगरे आणि लक्ष्मीबाई यांची ही शेवटची मुलगी, जन्म २३ एप्रिल १८५८, कर्नाटकातल्या गंगामूळच्या अरण्यातल्या आश्रमात. अनंतशास्त्रींनी पत्नीला संस्कृत शिकवले यावरून धर्ममंडळींचा रोष ओढवला होता आणि वस्तीपासून दूर राहण्याचे तेही एक कारण होते. रमाबाई काही महिन्यांच्या असताना कुटुंब आश्रम सोडून तीर्थयात्रेला निघाले. वेताच्या पेटीत घालून त्यांना डोंगराखाली आणले गेले. त्यांच्या शिकण्याच्या वयापर्यंत वडील थकले होते, म्हणून त्यांना शिकवले ते आईने, तेही पहाटे, दिवसाची कामे सुरू होण्यापूर्वी. म्हणजे वडिलांनी जे ज्ञान समाजाचा विरोध पत्करून आईला दिले, ते आईकडून धाकट्या मुलीला मिळाले.

थोरली बहीण कृष्णाबाई हिचे लग्न मात्र रिवाजाप्रमाणे लहानपणीच झाले होते. जावयाला घरी ठेवून शिकवावे असा वडिलांचा विचार होता. तो फसला आणि त्या लग्नातून दुःखच पदरी आले. हा अनुभव घेतल्यावर वडिलांनी रमाबाईंचे लग्न लहानपणी केले नाही. त्या काळात ब्राह्मण घरात मुलगी अविवाहित ठेवणे म्हणजे बहिष्काराला निमंत्रण होते, तरी ते केले नाही. रमाबाईंना तरुणपणापर्यंत शिकायला मोकळीक मिळाली तिच्या मुळाशी बहिणीचे मोडलेले आयुष्य आहे, हे लिहिताना मला आजही फार वाईट वाटते. कृष्णाबाईंचे नाव किती वाचकांना ठाऊक असेल?

१८७४ च्या आसपासच्या दुष्काळात आई-वडील गेले आणि पाठोपाठ कृष्णाबाईही गेल्या. उरले भाऊ श्रीनिवास आणि रमाबाई. अनवाणी, अर्धपोटी, देशभर पायपीट करीत ही दोघे १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचली आणि तेथील विद्वानांच्या सभेने रमाबाईंना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. बहिणीला सभेत बोलण्यापासून भावाने अडवले नाही. त्या काळातल्या थोरल्या भावाकडून हे सहज होणारे नव्हते. १८८० मध्ये तोही गेला. पुढे १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन निघाले आणि नंतर आमच्या केडगावात मुक्ती सदन उभे राहिले. निराधार मुलींना शिकवण्याचा ध्यास त्यांनी घेतला, त्याला अनेक कारणे असतील. परंतु कृष्णाबाईंकडे पाहत वाढलेल्या मुलीला बालविवाहाची हानी समजावून सांगावी लागली नसणार, असे मला मनापासून वाटते.

उत्तर: जुनी पेठ, पुणे

शेजाऱ्यांविषयी दोन ओळी. जोतीराव फुले हे गोविंदरावांचे धाकटे पुत्र, राजाराम थोरले. जोतीराव वर्षाचेही झाले नव्हते तोच आई चिमणाबाई गेल्या आणि नात्यातल्या सगुणाबाईंनी त्यांना वाढवले. लोकांच्या सांगण्यावरून वडिलांनी त्यांना शाळेतून काढून मळ्यात कामाला लावले होते. गफ्फार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब या दोन शेजाऱ्यांनी गोविंदरावांचे मन वळवले आणि १८४१ मध्ये जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत दाखल झाले. शाळा सुटली तीही समाजाच्या बोलण्याने आणि पुन्हा सुरू झाली तीही समाजातल्याच दोघांच्या बोलण्याने. म्हणून ‘समाजाचा परिणाम’ असे ढोबळ म्हणण्यापेक्षा, कोण कोणाला काय म्हणाले आणि घरच्यांनी कोणाचे ऐकले, असे विचारले तर उत्तर अधिक खरे येईल.

उत्तर: शिरूर कासारचा शिक्षक

वैशालीताईंनी अनुभवातलीही उदाहरणे मागितली आहेत, म्हणून लिहितो. मी बीड जिल्ह्यात प्राथमिक शाळेत शिकवतो. दिवाळीच्या सुमारास आमची गावे ओस पडू लागतात. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली जोडपी पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात ऊसतोडीला जातात आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, परतत नाहीत. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरीचा एक घटक, धरला जातो, त्यामुळे तान्हे मूल सांभाळायला आई मोकळी नसते. मग आठ-दहा वर्षांची मुलगी शाळेतून काढून बरोबर नेली जाते. पहाटे अंधारात आई-वडील फडात गेले की कोपीत, म्हणजे तळावरच्या झोपडीत, ती आणि धाकटे भावंड राहते. त्याला खाऊ घालणे, झोपवणे, ऊन आणि बैलांपासून जपणे हे तिचे काम.

हे धाकटे मूल पुढे माझ्या वर्गात येते. अशी मुले बहिणीच्या अंगावर वाढलेली असतात. शाळेत रडू आले तर पुष्कळदा आईच्या आधी ताईला हाक मारतात. गाणी, म्हणी, आकडे मोजणे, अनोळखी माणसाशी कसे बोलावे, हे सारे त्यांना ताईने शिकवलेले असते, आणि ताई स्वतः चौथीतून गळालेली असते. मी हजेरीपट पाहतो तेव्हा एकाच घरातले हे चित्र मला वेगवेगळ्या इयत्तांत दिसते: थोरलीच्या नावापुढे हिवाळाभर गैरहजेरी, धाकट्याच्या नावापुढे नियमित हजेरी.

माझे म्हणणे वरील उत्तरांपेक्षा थोडे वेगळे आहे. आनंदरावांची शाळा किंवा कृष्णाबाईंचे लग्न याविषयी आज आपण हळहळण्यापलीकडे काही करू शकत नाही; परंतु ही पाळी अटळ नाही. ज्या गावांत हंगामी वसतिगृह नीट चालते, म्हणजे मुलांना वेळेवर जेवण मिळते आणि रात्री ती आजी-आजोबांकडे किंवा वसतिगृहात सुरक्षित राहतात, तेथे थोरल्या मुलीही गावातच राहतात आणि शिकतात. अडचण तान्ह्या मुलाची असते, कारण त्याला आईपासून दूर ठेवता येत नाही. त्यासाठी तोडीच्या तळावर पाळणाघर हवे. सहा ते चौदा वयाच्या मुलांना शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ चा आहे, पण दहा वर्षांच्या मुलीचा तो हक्क तिच्या एक वर्षाच्या भावाच्या पाळण्यात अडकून पडतो, हे पाळणाघराशिवाय सुटत नाही. शासनाने ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा यांच्या नावाने वसतिगृहांची योजना आणली आहे आणि तिचे मी स्वागत करतो. तिच्या जोडीला तळावरच्या पाळणाघरांचा आग्रह आपण सर्वांनी धरला पाहिजे. समाजाने आपला वाटा उचलला नाही की तो घरातल्या सर्वांत थोरल्या मुलीकडे जातो, एवढे मी वर्गात रोज पाहतो.

उत्तर: थोरली

मी या चर्चेतली बहुधा एकटीच थोरली बहीण आहे, म्हणून लिहिण्याचे धाडस करते. आपण सर्वांनी आपुलकीने लिहिले आहे, परंतु ‘त्याग’ हा शब्द वाचला की मला थांबावेसे वाटते. त्याग करणाऱ्याला निवड असते. मला कोणी विचारले नव्हते. मी आठवीत असताना आई आजारी पडली आणि दुसऱ्या दिवसापासून मी घरी राहिले, इतके साधे ते झाले. धाकट्या भावावर माझा राग नाही, तेव्हाही नव्हता. त्याची वह्या-पुस्तके मी जुन्या वर्तमानपत्रांची कव्हरे घालून देत असे आणि तो झोपल्यावर ती उघडून वाचत असे. तो अभियंता झाला तेव्हा गावाने त्याचा सत्कार केला आणि मला मनापासून आनंद झाला.

धाकट्यांवरही ओझे असते, हेही सांगायला हवे. माझ्या भावाला कोणतीही चूक करण्याची मुभा नव्हती. पहिल्या वर्षी त्याचा एक विषय राहिला तेव्हा वडील काही बोलले नाहीत, पण त्याने माझ्याकडे पाहणे टाळले, आणि ते मला फार लागले. त्याला इतिहास आवडत होता. घरातल्या सर्वांनी मिळून ज्याला शिकवले त्याने लवकर कमावणारी शाखा घ्यावी, असे न बोलताच ठरलेले होते. आज तो दर महिन्याला मला पैसे पाठवतो, माझ्या मुलांच्या फीची चौकशी करतो. मी त्याला सांगितले आहे की पैसे पुरेत, मला दहावी करायची आहे. १७ नंबरचा अर्ज भरून बाहेरून परीक्षा देता येते असे मी ऐकले आहे. वैशालीताई, आपल्या ताईंना काय हवे आहे हे आपण त्यांना विचारले आहे का, हे मला जाणून घ्यायला आवडेल. आणि शिक्षक महोदयांनी त्या अर्जाविषयी माहिती दिली तर उपकार होतील.

उत्तर: वैशाली, परभणी

आपले उत्तर वाचून मी ताईला फोन केला. तिला शिकायचे नाही, असे ती स्पष्टपणे म्हणाली. तिला शिवणयंत्रासाठी बचत गटातून कर्ज घ्यायचे आहे आणि कागदपत्रे कोणी नीट वाचून दाखवत नाही, ही तिची अडचण आहे. पुढच्या आठवड्यात मी तिच्याबरोबर बँकेत जात आहे. माझ्या प्रबंधाचा आराखडाही मी बदलणार आहे: धाकट्या विद्यार्थ्यांच्या मुलाखतींबरोबर त्यांच्या थोरल्या भावंडांच्याही मुलाखती घेईन, आणि थोरल्यांना आधी भेटेन.

उत्तर: शिरूर कासारचा शिक्षक

थोरलीताई, माहिती देतो. १७ नंबरचा अर्ज राज्य मंडळाच्या संकेतस्थळावर ऑनलाइन भरावा लागतो. शाळा सोडल्याचा मूळ दाखला, आधार कार्ड आणि छायाचित्र तयार ठेवावे. दाखला हरवला असेल तर आधी जुन्या शाळेकडे दुय्यम प्रतीसाठी लेखी अर्ज करावा, कारण सर्वाधिक वेळ तेथेच जातो. किमान पाचवी उत्तीर्ण असण्याची अट आहे, ती आपण पूर्ण करता. अर्जात आपल्या जवळचे संपर्क केंद्र, म्हणजे एक माध्यमिक शाळा, निवडावी लागते. कागदपत्रे व शुल्क तेथेच जमा होते आणि अंतर्गत गुणांचे कामही त्याच शाळेमार्फत होते. मुदत दरवर्षी मंडळ जाहीर करते आणि ती परीक्षेच्या बरीच आधी संपते, म्हणून शाळा सुरू झाल्यापासूनच चौकशी करीत राहावे. गणित आणि इंग्रजी हे दोन विषय बहुतेकांना जड जातात. आपण कोणत्या तालुक्यात राहता आणि यांपैकी कोणत्या विषयाला मदत लागेल, ते कळवावे. आपल्याकडच्या एखाद्या शिक्षकाशी मी बोलतो. इंग्रजी मात्र भावाकडूनच शिका, त्याला त्याचा आनंद होईल.